जागेला ऊन किती येतं?

भिवंडीत माणसं मोठ्यानं बोलतात. भांडत नसतात बिचारी. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या खटखटाटात वाढलेली असतात, म्हणून साधं 'चहा घेणार का' विचारलं तरी शेजारच्या गल्लीतला हो म्हणतो. महमूद मात्र या गावात चुकून जन्माला आल्यासारखा हळू बोलायचा. समोरच्यानं दुसऱ्यांदा 'काय?' केलं की 'काही न्हाय' म्हणून मोकळा व्हायचा. लूम दुरुस्त करणारा जॉबर म्हणून त्याच्या हाताला नाव होतं. बिघडलेल्या लूमला नुसता कान लावून तो सांगायचा की दुखणं कुठं आहे. माणसाचं दुखणं मात्र त्याला कधी कळलं नाही, आणि त्यात तो स्वतःही आला.

कधीकाळी त्याचे स्वतःचे चार लूम होते. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत शेड जळाली आणि त्यानंतर ते उभे राहिले नाहीत. कुणी जाळली, कशी जाळली, यावर गावात अजून चार-चार तास बोलणारी माणसं आहेत. महमूद त्यावर कधी बोलला नाही. त्यानं राखेतून निघालेलं लोखंड भंगारात घातलं आणि सौदीत दम्मामला एका कारखान्यात फिटर म्हणून निघून गेला. घरी बायको खदीजा, मुलगी साजिदा आणि सहा वर्षांचा मोहिउद्दीन. पोराला सगळे मोहिद्दीन म्हणायचे. वडीलकीला मोठा भाऊ नूर मोहम्मद होताच.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली आणि तिनं लहान पोरं वेचून नेली. मोहिद्दीन त्यातच गेला. दम्मामच्या कारखान्यात महमूदला ऑफिसात बोलावलं, फोन हातात दिला. पलीकडून नूरभाईचा आवाज येत होता, पण 'सबर कर' सोडून काही नीट ऐकू आलं नाही. महमूदनं फोन ठेवला आणि तो परत मशीनवर गेला. शिफ्ट संपवली. जेवला. मग झोपलासुद्धा. त्या झोपेचं त्याला पुढं कायम आश्चर्य वाटत राहिलं. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. आतून काहीतरी बंद पडलं होतं, आणि कान लावायला दुसरा जॉबर नव्हता.

पासपोर्ट कंपनीकडं अडकलेला. घरी यायला त्याला पुढचा उन्हाळा उजाडला. आल्या आल्या नूरभाई त्याला कब्रस्तानात घेऊन गेला.

त्यांच्या घराण्यात कबर कच्ची ठेवायची रीत. दगड नाही, नाव नाही, चौथरा तर नाहीच. मातीचा माणूस मातीत मिसळू द्यायचा. मग कोण कुठं निजलंय हे कळतं कसं? तर माणसांना ठाऊक असतं. ज्यानं खांदा दिला, ज्यानं कबरीत उतरून प्रेत हाती घेतलं, तो पुढच्याला दाखवतो, पुढचा त्याच्या पोराला दाखवतो. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललेलं, आणि कधी अडलं नाही. कारण बाप आपल्या पोराच्या वेळी दम्मामला असेल, ही सोय त्या रीतीत कुणी केलेलीच नव्हती.

नूरभाईनं हात करून दाखवलं, "तो बघ." त्या साथीतल्या पोरांच्या लहान लहान कबरी तिथं एका बाजूला होत्या, सगळ्या सारख्याच उंचीच्या, सारख्याच रंगाच्या. महमूदनं मान हलवली. त्याला काही दिसलं नव्हतं. डोळे उघडे होते, एवढंच.

मग पाऊस आला. कब्रस्तानातली माती बसली, उंचवटे बसून जेमतेम कळण्याइतके उरले, त्यावर गवत माजलं. पाऊस सरल्यावर महमूद एकटा गेला, आणि लहान कबरींच्या मधोमध उभा राहून त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आपला पोरगा सापडत नाही.

त्यानं युक्ती केली. नूरभाईला म्हणाला, चल बरोबर, फातिहा पढून येऊ. नूरभाई तयारच. तरातरा पुढं गेला आणि एका ठिकाणी उभा राहिला. महमूदला बाकी काही आठवत नव्हतं, पण एवढं आठवत होतं की पहिल्या वेळी नूरभाईची पाठ चिंचेच्या झाडाकडं होती. आता तोंड होतं. महमूदनं त्याच्याकडं बघितलं. नूरभाईनंही बघितलं, आणि लगेच डोळे मिटून हात वर केले. दोघांनी फातिहा पढली. येताना नूरभाईनं त्याला चहा पाजला आणि वर मलई घालायचा आग्रह केला. नूरभाई एरवी चहाला विचारणारा माणूस नव्हे.

आता तुम्ही म्हणाल, विचारायचं सरळ. कसं विचारणार? ज्या भावानं आपल्या जागी उभं राहून आपलं पोर मातीत ठेवलं, त्याला 'कुठं ठेवलंस' म्हणून विचारायला जीभ उचलत नाही. आणि नूरभाईनं तरी काय सांगावं? त्या आठवड्यात तो कितीतरी पोरांच्या मातीला गेला होता. पाऊस कोसळत होता, कंदील विझत होते, चिखलात पाय रुतत होते. त्याच्याही डोक्यात सगळं एकमेकांत मिसळून गेलं असणार. दोघं भाऊ या बाबतीत गप्प राहिले ते राहिलेच. महमूदनं आपल्या मनानं त्यातली एक कबर धरली आणि दर शुक्रवारी, जुम्म्याला, तिथं पाणी घालू लागला.

हे इथंच मिटलं असतं. पण घरी खदीजा होती.

बायका कब्रस्तानात जात नाहीत. हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं, आणि तिनंही कधी हट्ट धरला नाही. पोराला न्हाऊ घालून, कफनात गुंडाळून दारातून बाहेर नेलं, तिथं तिचं बघणं संपलं. पुढचं सगळं तिला महमूदच्या तोंडून मिळायचं. आणि तोंड कुणाचं, तर या माणसाचं! ती एकेक प्रश्न विचारून त्याच्याकडून शब्द काढायची. मुंग्या आहेत का? गवत कापलं का? डोकं कुठल्या बाजूला? किब्ला, म्हणजे मक्केची बाजू सोडून दुसऱ्या बाजूला तोंड कसं असेल, हे तिलाही ठाऊक होतं, तरी विचारायची. पूर्वी ती नवऱ्याला 'मोहिद्दीनच्या अब्बा' अशी हाक मारायची. आता नुसतं 'ऐकलंत का' म्हणायची. साजिदाचं नाव लावायला हरकत नव्हती, पण तिनं लावलं नाही.

खदीजाचं माहेर खारबावचं. घरामागं वाडी, वाडीत वाल, वांगी, मिरच्या, आणि पलीकडं खाडी. खारी माती कशी गोडी करायची हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिच्या हातानं काठी खोचली तरी पालवायची. हिरवं पान जोवर हिरवं असतं तोवर ते अल्लाचं नाव घेतं आणि खाली निजलेल्याला त्याचा थंडावा पोचतो, हे तिनं आईकडून ऐकलेलं. म्हणून खिडकीतल्या डालड्याच्या डब्यांत ती रोपं करायची आणि महमूदच्या हाती द्यायची. पोरासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

महमूद ती रोपं नेऊन आपल्या धरलेल्या कबरीवर लावायचा. पुढच्या जुम्म्याला बघावं तर देठसुद्धा शिल्लक नसायचा. कब्रस्तानाची मागची भिंत पडलेली होती आणि तिथून शेळ्या आत यायच्या. आता पोराच्या अंगावरून शेळ्या फिरतात हे त्याच्या आईला सांगायचं? मग त्यानं थापा मारायला सुरुवात केली. मोगरा गेला तेव्हा म्हणाला, ऊन फार, जळला. तगर गेली तेव्हा म्हणाला, चिंचेची सावली पडते. शेवंती गेली तेव्हा आणखी काहीतरी. थाप मारणाऱ्याला चांगली याद लागते. महमूदला तर कालची भाजी आठवायची नाही.

अशी चार वर्षं गेली. महमूद दुसऱ्यांच्या शेडमध्ये जॉबर म्हणून राबत होता. लूमचा आवाज त्याला बरा वाटायचा. त्यात कुणी कुणाला काही विचारत नाही. साजिदा लग्न होऊन कल्याणला गेली. लग्नात महमूद सगळ्यांशी हसून बोलला, बिर्याणी वाढली, आणि घरी येऊन बघतो तर आपल्याला ना आनंद झालाय ना वाईट वाटलंय.

एक्याण्णवच्या थंडीत राहनाळच्या केसरीनाथनं त्याला एका बागेचं सांगितलं. केसरीनाथच्या भाताच्या जमिनीवर आता गोदामं उभी होती. महमूदच्या शेठचे तागे तिथंच जायचे. केसरीनाथनं नवा बंगला बांधला होता आणि आता त्याला बंगल्यापुढं बाग पाहिजे होती. बापजाद्यांनी चिखलात पाय बुडवून भात लावला, तेव्हा यांना वाटायचं कधी एकदा सुटतो. आणि सुटल्यावर हौस कसली, तर लॉनची! तो सांगत होता, "ठाण्याच्या अंगाला सरकारी बाग हाय, म्हमूदभाय. कंच्या जागंला कंचा झाड, सगला लावून दावलाय. पाट्या लावल्यान. आपन बघाचा, आन् घरी येऊन तसा लावाचा."

घरी भाकरी खाता खाता महमूद हे सहज बोलून गेला. काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. खदीजाचा हात तव्यावर थांबला.

"कुठल्या जागेला कुठलं झाड, असं लिवलंय?" तिनं विचारलं.

"असं म्हणत होता."

"रविवारी जाऊ."

महमूदनं हातातला घास परत ताटात ठेवला. पण नाही कशाला म्हणायचं, याला कारण सापडेना.

रविवारी दोघं एसटीनं निघाली. कशेळीच्या पुलावर नेहमीप्रमाणे ट्रक एकमेकांच्या मागं उभे. खाली खाडीला ओहोटी लागली होती. खदीजा खिडकीपाशी बसली होती, मांडीवर डबा: तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी. बोलण्यासारखं दोघांत एकच होतं आणि ते जुम्म्याचं होतं.

बाग मोठी होती आणि नीटनेटकी होती. झाडं विकायला नव्हती, नुसती बघायला. एकेक वाफा म्हणजे जणू एकेका घरचं अंगण, आणि पुढं हिरवी पाटी. लोक पोराबाळांना घेऊन आलेले, कुणी वहीत नावं उतरवून घेत होते, एक नवरा-बायको जास्वंदीपुढं उभं राहून गॅलरीत कुंड्या किती मावतील यावरून वाद घालत होते. सगळे आपापल्या घरासाठी काहीतरी शोधत होते.

महमूद उर्दू शाळेतला, त्याला मराठी वाचायला त्रास व्हायचा. खदीजा खारबावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. ती प्रत्येक पाटीपुढं उभी राहून एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचायला लागली. "भर-पूर ऊन. पाण्या-चा नि-चरा होणारी जमीन." भिवंडीचा आवाज त्या शांत बागेत असा घुमला की जास्वंदीपुढचा वाद थांबला. खदीजाला त्याचं काही नव्हतं. बुरख्याचा नकाब तिनं केव्हाच वर टाकला होता. "मोठ्या झाडा-खाली लावण्या-साठी. खार-वट जमीन. अहो, ऐकलंत का, खारवटीला पण वेगळी हायत!"

महमूदनं तिच्याकडं बघितलं. साजिदाच्या लग्नातही तिचा चेहरा असा नव्हता. तिला बरं वाटतंय हे बघून त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याला भीती वाटली. पाच वर्षांत त्याला धड काही वाटलं नव्हतं, आणि वाटली ती भीती.

एका वाफ्यात हिरामण नावाचा माळी उकिडवा बसून खुरप्यानं माती भुसभुशीत करत होता. पन्नाशीचा, गप्पिष्ट. खदीजाला रेंगाळताना बघून म्हणाला, "इकत न्हाय हां बाय, नुसती बघाची हायत."

"ठाव हाय. काय लावायचं ते बघते."

"जागा कुठं हाय? अंगनात, का गच्चीवर?"

खदीजा जराशी घुटमळली. "अंगणातच म्हणा."

"केवरी जागा?"

तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. मग काहीतरी आठवून ते जवळ आणले, आणखी थोडे जवळ आणले, आणि तिथं धरले. महमूदनं मान फिरवली. त्या हातांमध्ये आठ वर्षांचं पोर बरोबर मावलं असतं.

"अगदीच लहान की," हिरामण म्हणाला. "चालंल. ऊन किती येतं?"

"त्यांना विचारा. मी बघितली न्हाय."

हिरामणला हसू आलं. "सोताचा अंगन बघला न्हाय? बरा हाय तुमचा! सांगा दादा, ऊन कवरा?"

"येतं," महमूद म्हणाला. "सकाळचं."

"सकाळचं?" खदीजानं विचारलं. "मोगऱ्याच्या वेळी बोललात, दुपारचं थेट डोक्यावर येतं म्हणून जळला."

"दुपारचंपण येतं."

"आणि चिंच? तगरीला ऊनच न्हाय मिळालं बोललात. दिवसभर चिंचेची सावली."

"अवो दादा, सावली हाय का ऊन हाय?" हिरामणनं खुरपं खाली ठेवलं. त्याला मजा वाटायला लागली होती. "बरा, पानी साचतं का?"

"साचतं," महमूद म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला कळलं की हे चुकलं.

"एका पावसाळ्यात साचतं बोललात. पण शेवंतीच्या वेळी बोललात, जागा उंचावर हाय. पाणी ठरत न्हाय, म्हणून सुकली." खदीजाच्या आवाजात राग नव्हता. ती भांडत नव्हती. ती खरोखरच जुळवून बघत होती, तांदूळ निवडावेत तशी एकेक गोष्ट वेगळी करून. "आणि भिंत? भिंत जवळ हाय का लांब? एकदा बोललात, भिंतीचा आडोसा हाय, वारा लागत न्हाय. एकदा बोललात, उघड्यावर हाय."

चार वर्षांत महमूद जे जे बोलला होता ते सगळं या बाईनं शब्दन् शब्द जपून ठेवलं होतं. ठेवणारच. तिला पोराचं तेवढंच मिळालं होतं.

हिरामण हसत हसत म्हणाला, "दादा, तुमची जागा एकच हाय ना?"

महमूद वाफ्यातल्या मातीकडं बघायला लागला. खदीजा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हळूच डबा या हातातून त्या हातात घेतला आणि चालत जाऊन पलीकडच्या बाकावर बसली.

महमूद तिच्या शेजारी बसला. समोरून एक पोरगं फुगा घेऊन पळत गेलं, त्याच्यामागून त्याची आई.

"ठाव न्हाय ना तुम्हाला?" खदीजानं विचारलं.

"न्हाय."

"नूरभाईंना?"

"त्यांनापण न्हाय. ते बोलले न्हायत. पण न्हाय."

खदीजानं मान हलवली, डाळ संपल्याचं कुणी सांगावं आणि आपण बरं म्हणावं, तशी. तिनं डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि हातात धरून बसली. मग म्हणाली, "तुम्ही ऊन बोललात ना, तेव्हा मी दुपारची पडायची बंद झाले. तो उन्हात, आणि मी कशी सावलीत निजू? मग सावली बोललात, तेव्हा थोडी पडायला लागले. पाणी साचतं बोललात तो सबंध पावसाळा मी ओल्यात बसून काढला." ती थांबली. "किती ठिकाणी ठेवला मी त्याला. कधी उन्हात, कधी पाण्यात."

महमूदला तिचा हात धरावासा वाटला, पण बागेत, चार लोकांत, बायकोचा हात धरायची सवय नव्हती. त्याच्याजवळ सांगण्यासारखं आणखी एक खरं होतं. तेवढं तरी द्यावं म्हणून तो म्हणाला, "झाडं ऊन-पाण्यानं मेली न्हायत. शेळ्या खातात. मागची भिंत पडलीय."

"शेळ्या?"

"त्याच्या अंगावरून फिरतात म्हणून सांगितलं न्हाय."

खदीजा त्याच्याकडं वळली. "शेळ्यांना तो काय बोलणार होता? बकरीदच्या आधी बोकडाच्या गळ्यात पडून रडायचा तो. एवढं तरी सांगायचं होतं." आणि पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. नकाब खाली घेऊन ती जरा वेळ तशीच बसली. महमूद समोर बघत राहिला. त्याला पण रडायचं होतं, ते कुठून सुरू करतात हे सापडत नव्हतं.

थोड्या वेळानं ती उठली आणि परत हिरामणच्या वाफ्यापाशी गेली. हिरामणनं मघापासून उपटून टाकलेला एक ढीग वाटेच्या कडेला पडला होता. तिनं वाकून बघितलं. जांभळट गुलाबी फुलं, गुळगुळीत पानं. सदाफुली. भिवंडीच्या कुठल्याही गटाराच्या कडेला, पत्र्याच्या वळचणीला, मोडक्या भिंतीच्या फटीत उगवते ती.

"ही का उपटली?" तिनं विचारलं.

"कचरा हाय त्यो, बाय. एका वाफ्यात लावली का चारी वाफ्यांत शिरतं. शेंग फुटली का बी वाऱ्यावर उरालाच. तिला हद्दच कलत न्हाय."

"सावली असली तर?"

"तरी येतं."

"ऊन असलं तर? पाणी साचलं, न साचलं तर?"

"कसाबी. खारीच्या कराला, खाऱ्या पान्यापाशी बघा, तिथंबी उभी."

"शेळ्या?" हे महमूदनं विचारलं. इतक्या मोठ्यानं विचारलं की आजूबाजूच्यांनी वळून बघितलं, आणि तो स्वतःच दचकला.

"शेली तोंड न्हाय लावत. करू हाय, कारल्यावानी."

"हीच द्या," खदीजा म्हणाली.

हिरामणला काही कळेना. एवढी सजवलेली बाग सोडून ही बाई कचरा मागते. "घ्या की. लहान जागंला दोन रोपा पुरं झाली," तो म्हणाला आणि दोन उचलून पुढं केली.

"न्हाय," खदीजा म्हणाली. "सगळा ढीग द्या."

मुळं ओल्या गोणपाटात बांधून त्यांनी तो भारा एसटीत घातला. कंडक्टर कुरकुरला. पूल ओलांडला. मग खिडकीबाहेर बघत खदीजा म्हणाली, "दरवाजाच्या बाजूनं सुरू करा. लहान लहान कबरी जेवढ्या हायत तेवढ्या सगळ्यांना लावा. एकपण सोडू नका."

महमूदनं मान हलवली.

जुम्म्याला नमाजनंतर त्यानं नूरभाईला बोलावलं. बरोबर कुदळ, पाण्याच्या दोन बादल्या आणि खदीजानं पाणी मारून जगवलेला तो भारा. नूरभाई आता म्हातारा झाला होता, गुडघे धरून धरून चालायचा. महमूदनं पहिल्या लहान कबरीपाशी बसून खड्डा केला, रोप लावलं, पाणी घातलं, फातिहा पढली आणि पुढच्या कबरीपाशी सरकला.

"इथंपण?" नूरभाईनं विचारलं.

"इथंपण."

तिसऱ्याला नूरभाई काही न विचारता खाली बसला आणि हातानं माती उकरू लागला. बराच वेळ दोघं तसेच एकेका कबरीवरून पुढं सरकत राहिले. कुणाची पोरं होती ती, आता कुठं असतील त्यांचे आईबाप, कुणाला ठाऊक. मध्येच नूरभाईचा हात थांबला. "महमूद," तो म्हणाला, "त्या वेळी पाऊस इतका होता... मला..."

"ठाव हाय, भाई. पाणी घाल."

नूरभाईनं पाणी घातलं. त्याची दाढी ओली झाली होती. महमूदनं ते बघितलं आणि दुसरीकडं बघितलं, म्हणजे भावाला पुसायला सवड मिळावी.

घरी आला तेव्हा महमूदच्या नखांत, कुडत्यावर, कोपरांना माती होती. खदीजा दारातच उभी होती. पाण्याचा तांब्या घेऊन ती त्याच्या हातांवर पाणी घालायला लागली.

"कुणी राहिला तर न्हाय ना?" तिनं विचारलं.

"न्हाय. शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो. सगळ्यांपाशी बसलो."

"नक्की?"

"नक्की."

"मग आज भेटलात त्याला," खदीजा म्हणाली.

महमूदचे हात पाण्याखाली तसेच राहिले. ती बरोबर बोलत होती. चार वर्षं तो दर जुम्म्याला कुणाच्या तरी पोराला पाणी घालत आला होता. आज त्यातल्या कुठल्यातरी एका ठिकाणी, कुठल्या ते न कळता, तो आपल्या पोरापाशी बसला होता, त्याच्या अंगावरची माती हातानं सारखी केली होती, आणि उठून पुढं गेला होता. तो दारातच खाली बसला. तांब्यातलं पाणी संपलं, तरी त्यानं हात मागं घेतले नाहीत, आणि खदीजानंही मागं घ्या म्हटलं नाही.